आईच्या हातचं विरजण

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक गवळी राहत होता. त्याच्या घरचं दही इतकं घट्ट, की वाटी उपडी धरली तरी पडायचं नाही, असं लोक सांगत. कुणी खरंच धरून पाहिली होती की नाही, देव जाणे. पण चैत्रात देवीची जत्रा भरायची, देवीला दहीभाताचा नैवेद्य असायचा आणि त्याचं दही याच घरातून जायचं, एवढं मात्र खरं.

हे दही लावायची गवळ्याची आई. गवळ्याला म्हशींचं सगळं कळायचं, चुलीपाशी काय चालतं याची त्याला गंधवार्ता नव्हती. दिवस कलला की शेजारपाजारच्या बायका वाट्या घेऊन विरजण मागायला येत. आदल्या दिवशीचं दही संपवताना चमचाभर मागे ठेवावं, हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही, कारण गवळ्याचं घर होतंच. म्हातारी सगळ्यांच्या वाटीत चमचा चमचा घालायची. विरजण एवढंसं, गप्पा मात्र पोटभर. त्या वेळी घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि म्हातारी गेली. स्मशानातून परतल्यावर गवळ्याची नजर शिंक्यावरच्या मडक्यावर गेली. आईने स्वतःच्या हाताने लावलेलं थोडं दही त्यात उरलं होतं.

त्याने ते दही चिनी मातीच्या बरणीत काढलं, वर फडकं बांधलं आणि बरणी पाण्याच्या रांजणाशेजारी गारव्याला ठेवली.

"हे आईच्या हातचं शेवटचं विरजण. हे आता जत्रेलाच निघेल," तो बायकोला म्हणाला.

"अहो, विरजण असं ठेवत नाहीत," बायको म्हणाली. "आज लावायचं, त्यातलं उद्यासाठी ठेवायचं. आई तेच करायच्या."

"ते साध्या विरजणाचं. हे आईचं आहे. रोजच्या भातावर घालून संपवायचं का?"

"मग शेजारून थोडं आणते मी."

"या घरात दुसरं विरजण येणार नाही."

झालं. गवळ्याच्या घरातलं दही बंद झालं. दूध होतं तेवढं विकलं जाऊ लागलं. गवळी रोज सकाळी फडकं ओलं करून बरणीला गुंडाळायचा आणि तिला हात जोडायचा. आतलं विरजण बघायचा मात्र नाही, कारण त्याला वारा लागू नये अशी त्याची समजूत होती.

संध्याकाळी बायका वाट्या घेऊन आल्या, तेव्हा त्याने दारातच विचारलं, "आज काय सण आहे?" बायका एकमेकींकडे बघत परत गेल्या आणि पुढे बाजारातून विरजण आणू लागल्या. गवळ्याची धाकटी लेक ताटात कोरडा भात बघून म्हणायची, "बाबा, दही?" तिलाही तेच उत्तर मिळायचं, "आज काय सण आहे?" एकदा बायको भांडी घासताना सासू नेहमी म्हणायची ते गाणं गुणगुणत होती. गवळ्याने तिच्याकडे असं काही बघितलं, की ती गप्प झाली. दहीभात काय, गाणं काय, हसणं काय, सगळं जत्रेच्या दिवसावर ढकललेलं. तो दिवस आला की आपण पोटभर आनंदात राहू, असं त्याला मनापासून वाटत होतं. बिचाऱ्याचं आईवर प्रेम होतं, त्यात काही खोट नव्हती.

जत्रा एका दिवसावर आली. सकाळी गवळ्याने देवाला दिवा लावला आणि बरणीचं फडकं सोडलं.

वर हिरवी बुरशी आणि खाली पिवळट पाणी. वासाने लेक मागे सरली. गवळ्याने बुरशी बाजूला केली, तळातलं थोडं कोमट दुधात घालून पाहिलं. दुपारपर्यंत दूध नासलं. तो तिथेच भिंतीला टेकून बसला. उद्या देवीपुढे काय ठेवणार, ही एक चिंता. पण आईची शेवटची खूण आपल्याच हाताने घालवली, हे त्याहून जास्त लागलं.

बायकोने "मी सांगत होते" असं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आईंनी गावभर विरजण वाटलंय. कुणाकडे तरी अजून चालू असेल. विचारून तर बघा."

ज्यांना दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्याच दारात गवळी वाटी घेऊन उभा राहिला. मान वर होत नव्हती. जो तो म्हणाला, "तुमचं विरजण बंद झालं, मग आम्ही बाजारचं आणलं." असं करत करत तो गावाच्या टोकाला पोचला. तिथे टोपल्या विणणारी एक म्हातारी एकटीच राहायची. ती नुकती भाकरी घेऊन उंबऱ्याशी बसली होती. समोर वाटीभर दही होतं आणि त्यावर मिठाची चिमूट.

"मावशी, हे दही कुठलं?" गवळ्याने विचारलं.

"आधी बस, खा. मग इचार."

तिने अर्धी भाकरी आणि अर्धं दही त्याच्यापुढे सरकवलं. गवळ्याने एक घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. तीच चव. त्याची आईच जणू वाढत होती.

"तुझ्या आईनंच दिलं व्हतं की," म्हातारी म्हणाली. "माझे पाय चालंनात. रोज मागाय कोण येणार? म्हणून खाताना चमचाभर मागं ठेवते न् सांच्याला परत लावते."

"मावशी, माझ्याच्याने जे जपलं गेलं नाही, ते तुम्ही जपलंत."

"जपलं कुठं रे लेका? खाल्लं की रोज."

"एकटीसाठी रोज एवढा खटाटोप?"

"एकटी हाय म्हणून बेचव जेवू व्हय?"

गवळ्याने पुढ्यातलं दही चाटूनपुसून संपवलं. कित्येक महिन्यांत त्याला जेवण असं गोड लागलं नव्हतं, आणि अजून जत्रा तर झालीही नव्हती.

म्हातारीने दिलेलं विरजण त्या संध्याकाळी मोठ्या मडक्यात लागलं. सकाळी दही नेहमीसारखं घट्ट होतं. नैवेद्य झाला, जत्रा पार पडली, पाळणे उतरले आणि दुकानं उठली.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गवळी ओट्यावर मडकं घेऊन बसला. गावच्या टोकाच्या मावशीला दह्याची वाटी आधी पोचवून आला होता. बायका बिचकत आल्या, तेव्हा त्याने सगळ्यांच्या वाटीत चमचा चमचा घातला. आत बायको गाणं म्हणत होती आणि तो ओट्यावरून चुकीच्या सुरात साथ देत होता.

जेवताना त्याने लेकीच्या भातावर दह्याचा मोठा गोळा घातला. पोरीने ताटाकडे बघितलं, मग बापाकडे.

"बाबा, आज काय सण आहे?"

"आज बुधवार आहे," गवळी म्हणाला. "जेव."

तात्पर्य: आनंद मोठ्या दिवसासाठी बांधून ठेवला की आंबून जातो, तो रोज थोडा खावा, थोडा वाटावा आणि उद्यासाठी चमचाभर मागे ठेवावा.