चिखलातली नदी

फार वर्षांपूर्वी, एका साध्याशा सकाळी पाणमांजरी पिल्लांना मासा भरवत होती. तेवढ्यात बगळा सांगत आला, "कासवदादा गेले."

मासा पिल्लांपुढे टाकून ती धावत निघाली. कासवाने काठावर चिखलाची छोटी नदी केली होती. तिच्यात पाणी ओतलं की पुरात कुठला काठ ढासळणार ते कळे. "आता आपलं बीळ टिकेल का, हे कोणाला विचारायचं?" तिने चिखलाजवळच्या खेकड्याला विचारलं.

"अगं ताई, ते काय नदी पाठीवर घेऊन गेलेत?" खेकडा म्हणाला. "ओत की पाणी! चूक दिसली तर सुधारायची आणि शेजारी आपलं पाऊल उमटवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं."

चिखलाभोवती खरोखरच कितीतरी जणांची पावलं होती. तिने पाणी ओतलं. तिचा काठ टिकला. पण तिथे जांभळाचं झाड म्हणून एक काडी खोचलेली होती, आणि ते झाड तर गेल्या साली उन्मळून पडलं होतं. तिने काडी उपटून पुन्हा पाणी ओतलं. काठ कोसळला.

तिने शेजारी पाऊल उमटवलं आणि पिल्लं वरच्या कपारीत नेली. पूर आला, जुनं बीळ वाहून गेलं. पिल्लं कोरडी झोपली होती. तिने त्यांना पुन्हापुन्हा हुंगलं आणि मग तीही निवांत झोपली.

चिखलातल्या नदीचा पलीकडचा काठ कासवाने करायचा ठेवला होता. तो अजून कोणी केलेला नाही.