सुक्या भोपळ्यांचा कायदा

प्राण्यांच्या त्या राज्यात तळं एकच होतं, आणि नावेतून मिरवायची हौस मात्र सगळ्यांना होती. पोहता येणारे फार थोडे. दरवर्षी काही जण बुडत, शोकसभा भरे, आणि सभा उठली की पुन्हा नावा सुटत. अखेर दरबाराने कायदा केला. नावेत बसणाऱ्याने बुडू नये म्हणून पाठीला सुका भोपळा बांधावा, एका नावेत सहाच जणांनी बसावं, आणि मोहाची दारू प्यालेल्याने वल्ह्याला हात लावू नये. धक्क्यावर तशी पाटी लागली आणि झुळी नावाच्या पाणमांजरीला पहाऱ्यावर नेमलं गेलं.

झुळीने काम मनावर घेतलं. चिखलात रुतलेली प्रेतं आजवर तिनेच वर आणली होती. तीन दिवसांत पाणी चेहऱ्याचं काय करतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती प्रत्येकाच्या भोपळ्याची गाठ स्वतः ओढून बघे.

आठवड्याभरात मोराने तक्रार केली, की भोपळ्याने पिसारा चुरगळतो. दरबाराने शोभिवंत प्राण्यांना सूट दिली. मग सांबरांना मानाचे प्राणी म्हणून सूट मिळाली. मग या दोघांच्या पाहुण्यांना. धक्क्यावर भोपळ्यांचा ढीग साचला, तेव्हा कारभारी कोल्ह्याने ते मधोमध चिरून घेतले. काठावरच्या मेजवान्यांत त्यांतून मोहाची दारू फिरू लागली. तो आंबूस वास झुळीच्या मिशांना चिकटून राही आणि तिला अन्न जात नसे.

एका दुपारी मोराच्या आमंत्रणावरून चौदा ससे आले. त्यांच्यासाठी नाव एकच, आणि वल्ह्यावर झिंगलेलं रानडुक्कर. झुळी आडवी झाली.

"सहाच जण बसा. आणि वल्हं दुसऱ्या कुणाच्या हाती द्या."

कोल्हा तोंड पुसत आला. "झुळे, सहा म्हणजे सहा सांबरं. ससे केवढेसे असतात!"

"नाव डोक्यांनी कलंडते, कारभारीसाहेब. हे सगळे एका बाजूला सरकले तर?"

"दरबाराचे पाहुणे आहेत. बाजूला हो."

झुळी बाजूला झाली. आपलेच पाय मागे सरकताना तिला दिसले आणि स्वतःचीच किळस आली.

तळ्याच्या मध्यावर मोराने शेजारच्या आपल्या नावेत पिसारा फुलवला. तो बघायला सगळे ससे एकाच अंगाला धावले. नाव उलटली. झुळीने धक्क्यावरून सूर मारला. डुक्कर उलटलेल्या नावेला धरून कसंबसं काठाला लागलं. झुळी एकेका सशाला मानेला धरून वर आणत राहिली, पुन्हा खाली जात राहिली. नऊ वाचले. पाच गेले. ओल्या प्रेतांपासून दोन हातांवर मेजवानी चालूच होती. कुणीतरी घास चावत विचारलं, "कोण होते हो?"

चौकशी तीन दिवस चालली, तिन्ही दिवस जेवणावळींसह. सशांना पाहुणे म्हणून सूट होती. डुक्कर मोराचा नोकर, म्हणून त्यालाही सूट निघाली. मग कोल्हा झुळीकडे वळला. त्याच्या दातांत मांसाचा धागा अडकला होता.

"तू पाण्यात उतरलीस, तेव्हा पाठीला भोपळा होता?"

"साहेब, मला तळाशी जायचं होतं."

"होता की नव्हता?"

"नव्हता."

दरबाराने सुटकेचा निःश्वास टाकला. कायदा मोडणारं कुणीतरी सापडलं होतं. वाचलेल्या नऊ सशांनी माना खाली घातल्या आणि निकालाला अंगठे दिले.

तिच्या पाठीला दोन मोठे भोपळे बांधले गेले आणि गाठींवर लाखेची मोहर बसली. पहाऱ्याचं काम तिच्याकडेच राहिलं.

दहाव्या दिवशी मुंगसांची नाव उलटली. झुळीने उडी घेतली. तिने डोकं पाण्यात खुपसलं, चारही पाय मारले, पण भोपळ्यांनी तिला वर खेचलं. पुन्हा खुपसलं, पुन्हा वर. गाठीपर्यंत तिचे दात पोचेनात. काठावर परराज्याचे पाहुणे जमले होते आणि कोल्हा त्यांना हात करून दाखवत होता, "बघा, कशी नियमाने तरंगते!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली, हिरव्या पाण्यात, एक इवलासा पंजा उघडत होता, मिटत होता. तिथून निघालेले बुडबुडे वर येऊन झुळीच्या पोटाखाली एकेक करून फुटत होते.