निळ्या घोड्याचा मळवट

कृष्णाकाठच्या एका गावात एकदा एक पंप-मोटारींचे व्यापारी राहत होते. मद्याचा थेंबही त्यांना सोसत नसे, तरी स्कॉच व्हिस्की जमवण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. तीही साधीसुधी नव्हे, सिंगल माल्ट; आणि जिच्या लेबलावर नामवंत चित्रकाराने मुद्दाम चित्र काढले आहे अशीच. एका लेबलावर समुद्र होता, एकावर निळा घोडा, आणि एकावर काय होते ते खुद्द चित्रकारालाही सांगता आले नसते. घरातला एकमेव एसी या बाटल्यांच्या खोलीत होता. उन्हाळ्यात घरची मंडळी गच्चीवर निजत आणि व्हिस्की गारव्यात राही.

व्यापारी रोज स्नान आटोपून, चपला दाराबाहेर काढून त्या खोलीत जात. मऊ फडक्याने एकेक बाटली पुसत आणि मग घटकाभर कपाटापुढे तल्लीन उभे राहत.

हेमांगी नावाची सून यंदाच लग्न होऊन घरात आली होती. दसऱ्याला सासरे दुकानात गेलेले असताना तिने गाडीची पूजा केली, तिजोरीची केली, आणि मोठ्या भक्तिभावाने ते कपाटही उघडले. प्रत्येक लेबलावर हळदकुंकवाची बोटे ओढली, बाटलीपुढे झेंडूचे फूल ठेवले. निळ्या घोड्याचा तर तिने मळवटच भरला.

व्यापाऱ्यांनी येऊन ते पाहिले आणि मटकन खाली बसले. उठल्यावर सुनेला म्हणाले, "बॅग भर आणि माहेरी जा. परत कधी यायचं ते मी कळवीन." मुलगा मध्ये बोलायला गेला, त्यालाही त्यांनी झापले. हेमांगी रडत रडत बॅग भरू लागली. संसार मोडायची वेळ आली हे पाहून सासूबाईंनी गुपचूप सगळी हकिकत कळवली आणि ज्यांचा शब्द व्यापारी मानत त्या वृद्ध गुरुजींना बोलावून घेतले.

गुरुजी शिष्याला घेऊन आले. खोलीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, सरळ कपाटापुढे गेले आणि साष्टांग नमस्कार घातला. शिष्याला घाम फुटला. इतक्यात गुरुजी उठून बसले आणि टाळ्या वाजवत त्यांनी आरतीलाच सुरुवात केली.

"अहो गुरुजी, ही दारू आहे," व्यापारी कसेबसे म्हणाले.

"असं होय? मग तुम्ही इथं चपला का काढता?"

"धूळ येते म्हणून."

"आणि आंघोळ करून येता ते?"

"हाताचं तेल लेबलाला लागतं, गुरुजी."

"घरची माणसं उकडून निघतात आणि ही गारव्यात, ते कशासाठी?"

व्यापाऱ्यांनी एसीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, कारणं तुम्हाला ठाऊक होती, त्या पोरीला नव्हती. नव्या घरात आलेली मुलगी फारसं विचारत नाही, नुसती बघते. कर्ता माणूस कुणासमोर आवाज खाली आणतो, कुणाला जिवापलीकडे जपतो, यावरून ती त्या घराचा देव ओळखते. तिनं तो अचूक ओळखला आणि मनापासून पुजला. पूजेत तिची काही चूक झाली असेल तर सांगा, मी स्वतः तिला समजावतो."

व्यापाऱ्यांनी कुंकवाने माखलेल्या घोड्याकडे पाहिले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ते बाहेर आले तेव्हा हेमांगी बॅग घेऊन ओसरीवर उभी होती. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, थेट त्या गार खोलीत नेऊन ठेवली आणि मुलाला हाक मारून म्हणाले, "आजपासून ही तुमची खोली. बाटल्यांचं मी बघतो."

परतताना शिष्याने भीतभीत विचारले, "गुरुजी, शेठजींचा देव कळला. माझा कोणता असेल?"

"तुझं लग्न झालंय ना? घरी गेलास की बायकोला विचार."

त्यानंतर शिष्याची चाल बरीच मंदावली.