पायाखालची माती

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः पाहिली आहे. म्हणजे ज्याने पाहिली, त्याचा मेहुणा माझ्या ओळखीचा होता. तर एकदा एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते आणि त्यांचा एक पठ्ठा होता. तालमीत मूठ कोरलेला एक अजस्र दगड होता. पठ्ठ्याने तो छातीपर्यंत उचलला, की बघ्यांचा श्वास अडकत असे. जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती यंदा आपलीच, हे त्याने मनोमन ठरवून टाकले होते.

एके सकाळी वस्तादांनी कुस्तीच्या हौदाच्या कोपऱ्यातली माती पाणी शिंपडून थोपटली, पठ्ठ्याला तिच्यावर उभे केले आणि दगड उचलायला सांगितले. त्याने उचलला. टाळ्या पडल्या. मग वस्ताद खाली बसले, खुरप्याने त्याच्या दोन्ही पावलांचे ठसे अलगद कापून घेतले आणि उपरण्याखाली झाकून घरी नेले. दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्याचा दगड बंद. त्याच्या वाट्याला नुसत्या बैठका, त्याही संथ. दगड मिळाला वस्तादांच्या भाच्याला.

आता दुसऱ्याच्या पायाखालची माती कोण कशासाठी नेतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. करणी! पठ्ठ्याचा उजवा गुडघा ठणकू लागला. तो पूर्वीही ठणकत असे, पण आता कारण सापडले होते. वस्तादांनी दिलेले दूध तो आधी मांजराला पाजून पाहू लागला. मांजर धष्टपुष्ट झाले, तरी संशय काही उतरला नाही.

शेवटी एका दुपारी, वस्ताद ओसरीवर घोरत असताना, तो त्यांच्या माजघरात शिरला. फडताळ उघडले. आत मातीच्या वाळलेल्या पावलांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या. तो टाचण्या टोचलेले लिंबू शोधू लागला.

“लिंबू स्वयंपाकघरात आहे,” दारातून वस्ताद म्हणाले. “शोधतोच आहेस, तर दोघांपुरतं सरबत कर.”

पठ्ठा दचकला, पण मागे हटला नाही. “वस्ताद, माझी माती कशाला आणली? भाच्याला मैदान मिळावं म्हणूनच ना?”

वस्तादांनी त्याच्या पावलांची जोडी उंबऱ्यावर ठेवली, शेजारी भाच्याची. “तूच बघ.”

भाच्याचे दोन्ही ठसे सारखेच खोल होते. पठ्ठ्याचा उजवा ठसा खड्ड्यासारखा. डाव्याला बोटे होती, टाच नव्हतीच.

“दगड वर जातो, हे सगळ्यांना दिसतं. तेव्हा तुझी डावी टाच सुटते आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर येतो, हे मातीला दिसतं. शरीर वाकडं चालत असताना वजन वाढवलं, तर वाकडेपणाच बलवान होतो रे. आधी टाच टेकू दे. दगड कुठं पळून जात नाही.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. टाळ्यांत ऐकू गेलं नसेल.”

पठ्ठा सरबत करायला गेला. सरबत त्याने स्वतःच केले होते, तरी वस्तादांनी पहिला घोट घेईपर्यंत त्याने पेला तोंडाला लावला नाही. पुढे त्याच जत्रेत दोन्ही टाचा रोवून त्याने शेवटची कुस्ती मारली.

ही कुस्ती तेवढी मी पदरची घातली. मांजर खरे आहे. त्या जत्रेत लढला तो भाचाच. पठ्ठा कडेला उभा राहून बघत होता. फेटे उडाले, गर्दी पांगली. निघताना त्याने आपण उभे होतो तिथली माती वाकून पाहिली.

दोन्ही टाचा उमटल्या होत्या.