फेस वाळायच्या आत

"आणि फेस वाळला तर काय होतं, माहीत आहे का बाबा तुम्हाला?"

फकिरानं मान हलवली. नाही.

"डाग पडतात. मग घासा, पॉलिश करा, काय वाटेल ते करा, जात नाहीत. काळ्या रंगावर तर नाहीच नाही."

"मग वाळू देऊ नये," फकीर म्हणाला.

"तेच तर कसब आहे!"

बोलणारा गजेंद्र वाणी. फाट्यावर त्याचं फरश्यांचं दुकान. फकीर म्हणजे लालनशा. दर गुरुवारी गल्लीतून फेरी घालायचा, झोळीत पडेल ते पीठ घेऊन पुढं जायचा. गजेंद्र त्याला गुरू मानायचा. मानायचा म्हणजे, विचारायचा पुष्कळ आणि ऐकायचा थोडं.

अंगणात काळी गाडी उभी होती. नळापासून पंपापर्यंत हिरवा पाइप. पंपापासून गजेंद्रच्या हातापर्यंत दुसरा. हातात फेसाची बंदूक, खाली शाम्पूची बाटली लावलेली.

"बघा आता."

त्यानं खटका दाबला. पिंजलेला कापूस उडावा तसा फेस उडाला. टप गेला, काचा गेल्या, नंबराची पाटी गेली. अंगणात नुसता एक पांढरा ढीग उरला.

"तुमच्या दाढीपेक्षा दाट आहे की नाही, बाबा?"

"आहे बेटा. माझी एवढी पांढरी व्हायला जन्म गेला. तुझं एका खटक्याचं काम."

गजेंद्र हसला.

"रोज धुतोस?"

हसणं थांबलं.

"रोज."

"एवढी मळते?"

"मळत नाही..."

इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शेजारच्या दारात गजेंद्रचा थोरला भाऊ राहायचा, माधव. घर एकच, मधे भिंत घातलेली. भांडण नव्हतं. सोय म्हणून. दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी गजेंद्र हीच गाडी धूत होता. बंदूक तेव्हा नवीकोरी. वहिनी पळत आली. भाऊजी, ह्यांच्या छातीत कळ येतेय, गाडी काढा. माधवला पित्ताचा जुना त्रास. गजेंद्र म्हणाला, एवढा फेस धुतो नि आलोच.

आला. धुऊनच आला.

दवाखान्याच्या दारातल्या वॉचमनला गाडीत स्वतःचं तोंड दिसत होतं. आत मागच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर, माधवचं डोकं गार पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर... सांगता येत नाही. वहिनी काहीच म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, दिवसकार्यात नाही, नंतरही नाही. समोर आला की पदर सावरायची आणि आत जायची.

"आज जातेय ती," गजेंद्र म्हणाला. "भावाकडं. कायमची. नऊच्या एसटीनं."

"मला माहीत आहे. आत्ताच पीठ घातलं मला. डबा उपडा करून."

"काही बोलली?"

"पीठ घातलं."

गजेंद्रनं बंदूक खाली ठेवली. फकिराच्या जवळ आला. आवाज बारीक केला.

"बाबा, काल दिवेलागणीला ती दारात आली. आपल्या पायानं. म्हणाली, भाऊजी, उद्या फाट्यापर्यंत सोडाल का? ... तुम्हाला कळतंय का, बाबा? गाडीत बसणार आहे ती. वाटेत बोलेल. तुमचा दोष नाही, एवढं जरी म्हणाली, तरी मला झोप लागेल. डोळ्याला डोळा नाही हो माझ्या."

"मग सोड तिला."

"सोडणारच! म्हणून तर धुतोय. त्याच सीटवर बसायचंय तिला. मागचं काही दिसायला नको."

फकीर गाडीकडं बघत राहिला. गाडी दिसतच नव्हती.

"मुरू द्यायचा असतो जरा," गजेंद्र सांगायला लागला. "मळ आपोआप सुटतो. मग पाणी मारायचं. वरून खाली. नऊला वेळ आहे अजून."

त्यानं फेसाची बाटली काढली, पाण्याची नळी बसवली, पंप चालू केला.

फकीर दोन पावलं सरकला. हिरव्या पाइपवर टाच ठेवली. त्या भेगाळलेल्या टाचेवर सगळा भार दिला.

पंप कोरडा घरघरला. नळीतून थोडं पाणी गळलं, मग तेही नाही.

"बाबा, पाय."

फकिरानं टाच आणखी दाबली.

"बाबा, पाइपवर पाय आहे तुमचा."

"माहीत आहे."

"अहो, पंप जळेल!"

"किल्ली कुठं आहे?"

"खिशात."

"मग काढ गाडी. अशीच."

"अशीच?" गजेंद्रला हसू फुटलं. "फेसासकट? लोक म्हणतील, गजूशेठची गाडी दाढी करता करता उठून पळाली."

"म्हणू देत. समोरची काच हातानं पूस. फाटा लांब नाही."

"चेष्टा नका करू, बाबा. ऊन बघा किती चढलंय. वाळेल."

टपावरचा फेस बसायला लागला होता. बारीक आवाज येत होता, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. गजेंद्रची नजर फकिराच्या पायावर, मग टपावर, मग पुन्हा पायावर.

"बाबा, हात जोडतो तुम्हाला. पाय काढा."

"त्या दिवशी तिनं जोडले होते?"

पंप घरघरत राहिला.

"... जोडले होते," गजेंद्र म्हणाला. खाली बघून म्हणाला.

शेजारच्या दाराची कडी वाजली. वहिनी बाहेर आली. खांद्याला एक पिशवी, हातात एक. पिशवी खाली ठेवून तिनं दाराला कुलूप घातलं. ओढून बघितलं. पुन्हा एकदा ओढून बघितलं.

फकिराला ती दिसत होती. गजेंद्रची तिकडं पाठ.

"गजू, मागं बघ."

"बघतो. आधी पाय काढा. कडेनं वाळायला लागलंय."

"आधी मागं बघ, बेटा."

"अहो, एवढा फेस धुतो नि..."

फकिरानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. गजेंद्रला काही आठवल्यासारखं दिसेना. तो टपाकडं बघत होता.

"पाय काढू?"

"काढा! काढा लवकर!"

फकिरानं पाय काढला.

पाणी उसळून आलं. पंप गरजायला लागला. गजेंद्र नळी रोखून टपावर तुटून पडला. वरून खाली, वरून खाली. पांढरे लोट चाकांवरून उतरून मोरीकडं निघाले.

वहिनी फाटकापाशी आली आणि उभी राहिली. तिनं गाडी पाहिली. फेस पाहिला. तिचे ओठ हलले. भाऊजी, असं म्हणाली असावी. पंपापुढं ते कुणाला ऐकू यायचं?

थांबली ती. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तरी थांबली.

फकीर सरकला. पुन्हा पाइपकडं पाय टाकणार, तोच तिनं मान हलवली. राहू द्या, बाबा.

मग तिनं तिथूनच फकिराला नमस्कार केला, आणि पिशव्या सावरत फाट्याच्या रस्त्याला लागली. वळणावर एकदा थांबली. मागं बघण्यासाठी नाही. पिशवी जड होती.

गजेंद्रनं बॉनेट धुतलं. दारं धुतली. चाकं वाकून वाकून धुतली. पंप बंद केला. मऊ फडक्यानं काचा पुसल्या, मागची सीट पुसली, सीटवर स्वच्छ चादर अंथरली. चादरीची घडी मोडली होती ती तळहातानं सपाट केली.

"बघा बाबा! एक डाग नाही. जरा आणखी ठेवला असतात ना तुम्ही पाय... पण गाडी वाचली."

त्यानं किल्ली काढली.

"आता हाक मारतो वहिनीला."

फाट्याकडून एसटीचा भोंगा आला. मग इंजिनाचा आवाज. तो चढावर मोठा झाला, मग लहान होत गेला, मग राहिलाच नाही.

गजेंद्र फाटकापर्यंत पळाला. रस्ता मोकळा होता. परत फिरला तेव्हा चालत आला. पाय ओढत आला. गाडीच्या काळ्याभोर दारात शेजारचं दार दिसत होतं, आणि त्या दारावरचं कुलूप. स्वच्छ दिसत होतं. त्यावरचा गंजसुद्धा.

"बाबा..."

पाइपच्या तोंडातून थेंब पडत होते.

"बाबा, आता मी काय करू?"

फकिरानं झोळी खांद्याला लावली. जाता जाता बॉनेटवरून एक बोट फिरवलं. बोट उन्हात धरून बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

"फेसाचा अजून एक हात मार," तो म्हणाला. "आता घाई नाही."