लाल गिटार आणि तिचा जुना पिकप

ऑर्केस्ट्राला गावोगावची बोलावणी येत, त्या काळची ही गोष्ट. मिरजेत सॅमसन लोंढे नावाच्या वादकाकडे एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती. तारांची थरथर टिपून ती स्पीकरकडे पोचवणारा तिचा पिकप तिच्याइतकाच जुना होता.

एका वर्षी तिच्या आवाजात घरघर शिरली. भर कार्यक्रमात कीबोर्ड हसला, तशी ती पिकपवर उखडली.

"तुझ्यामुळे माझी शोभा झाली! म्हातारा झालास तू."

"अगं, घरघर माझी नाही," पिकप म्हणाला. "आत कुठेतरी तार सुटलीय. जरा बघायला सांग."

तिने ऐकूनच घेतलं नाही. "दादा, मला नवा पिकप बसवा," असा तिने हट्ट धरला. सॅमसनने नवा चकचकीत पिकप बसवला आणि जुना दुसऱ्या एका वादकाला देऊन टाकला.

पुढच्याच कार्यक्रमात घरघर पुन्हा सुरू झाली. सॅमसन तिला मुनीरभाई मेकॅनिककडे घेऊन गेला. मागचं झाकण उघडून ते म्हणाले, "अर्थिंगची तार सुटलीय. पिकप कशाला बदललात?" त्यांनी तारेला डाग दिला आणि घरघर थांबली.

आवाज स्वच्छ झाला, पण तिला तो आपला वाटेना.

पुढे एका जत्रेत शेजारच्या मंडपातून तिला स्वतःचाच जुना, भरदार आवाज ऐकू आला. कुणाच्या तरी काळ्या गिटारमध्ये तो पिकप रमला होता.

"अरे, माझं चुकलं!" ती जीव तोडून म्हणाली. पण शब्द नव्या पिकपच्या आवाजात उमटले. कुणी अनोळखी गिटार वाजतेय असं समजून जुन्याने आपलं गाणं पुढे चालू ठेवलं.