येसबाचे विळे आणि चंदी गाढवी

जनावरं माणसांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी येसबा लोहार राहत असे. त्याचे पोलादी विळे चंदी गाढवी पाठीवर लादून नदीपलीकडच्या मोठ्या शहरात नेई. तिथला एकच व्यापारी सगळे विळे घेत असल्याने येसबाने दुसरं गिऱ्हाईक कधी शोधलंच नव्हतं.

एका वर्षी शहराच्या वेशीवर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. "आता आमच्याच भट्ट्या पेटल्यात. बाहेरचं पोलाद आत येणार नाही."

परतताना येसबा वाटेतच मटकन बसला. "चंदे, भट्टी विझवावी लागणार. तुला तरी चांगल्या घरी देतो."

"मी कुठे जात नाही," चंदी म्हणाली. "धनी, या वाटेवर तीन गावं लागतात. तिथल्या माणसांना काय हवं, हे आपण कधी विचारलंय?"

पहिल्या गावात एका म्हातारीने विळा निरखून पाहिला. "पोलाद झकास आहे रे बाबा! पण आमच्या उतारावर एवढा लांब चालत नाही. आखूड करून देशील?" दुसऱ्या गावात कोळ्यांनी मासे धरायचे गळ मागितले, तिसऱ्या गावात सुतारांनी पटाशा. येसबाची भट्टी वर्षभर धगधगत राहिली.

मग शहरातून निरोप्या आला. "वेस उघडली! सगळा माल आम्हालाच द्या."

येसबाने चंदीची मान थोपटली. "शहरालाही देऊ की. पण त्यांची पाळी चौथी."

चंदी आनंदाने इतकी मोठ्याने ओरडली, की निरोप्या दचकून चार पावलं मागे सरला.